आधी आपण बसा

मी नारायण पेठेत राहतो आणि रोज चालतो. मंडईपर्यंत जातो, भाजी घेतो, भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन शब्द बोलतो आणि परत येतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून थेट सिंहगडापर्यंत, डोंगराच्या धारेवरून, मी आयुष्यात एकदाच चाललो आहे, आणि तेही बसता आलं नाही म्हणून.

बसायला जागा नव्हती असं नाही. त्या सबंध डोंगररांगेवर दगडांना तोटा नाही, आणि त्यांतले बरेचसे आमच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्यांपेक्षा बरे आहेत. प्रश्न जागेचा नव्हता. प्रश्न आधी कोणी बसायचं हा होता.

आमच्या मुक्तानं सागरशी लग्न करायचं ठरवलं, तिथून हे सुरू झालं. मुक्ता आमची एकुलती एक. सागर वारज्याचा. त्याचे वडील तात्या हे वारज्याचे मूळ गावकरी; जिथे त्यांची ज्वारी व्हायची तिथे आता त्यांचं फरश्यांचं मोठं दुकान आहे आणि दुकानावर चार मजले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझ्याकडे दोन खोल्या भरतील इतकी पुस्तकं आहेत आणि ती ठेवायला दीड खोली.

आईवडिलांची पहिली भेट कुठे घ्यायची यावर मुलांनी बरीच खलबतं केली. "आपल्याकडे बोलावलं तर त्यांना जिना चढवणार नाही," मुक्ता म्हणाली, "आणि त्यांच्याकडे गेलो तर बाबा झुंबर बघून काहीतरी बोलतील." (मी काही बोलणार नव्हतो. मी झुंबराकडे नुसतं बघणार होतो. पण आमच्या घरात माझं बघणंही बोलण्यातच धरतात.) ही दोघं भेटली डोंगरात, चालता चालता. म्हणून वडीलधाऱ्यांनीही डोंगरातच भेटावं असं ठरलं. बोगद्यापासून वर चढायचं, दुसऱ्या टेकडीवरच्या झाडाखाली बसायचं, डबा खायचा, लग्नाचं बोलायचं आणि खाली यायचं. मुलं खाली चहाच्या टपरीवर थांबणार, म्हणजे आम्हाला मोकळेपणानं बोलता येईल. फाल्गुन होता. वर फुलं असतात, सागर म्हणाला.

आदल्या दिवशी मुक्तानं मला गॅलरीत गाठलं. "बाबा, उद्याचा एक दिवस टोमणा नको. आपण शिकलेले म्हणून वर चढून बसलोय असं त्यांना वाटता कामा नये. सगळ्यात आधी ते. आधी त्यांना खाऊ द्या, आधी त्यांना बसू द्या." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज थोडा हलला. ती सहजासहजी हलणाऱ्यातली नाही. मी शब्द दिला.

आता गंमत अशी की मानपान या विषयावर मी जन्मभर हसत आलो आहे. गादीची खुर्ची मिळाली नाही म्हणून मांडवाबाहेर जाऊन उभे राहिलेले व्याही मी पाहिले आहेत, आणि "थोडं अजून लांब उभे राहा, फोटोत येताय" असं त्यांना सुचवलंही आहे. तो मी, मुलीच्या शब्दाखातर, मानपानाची पूर्ण तयारी करून बोगद्यापाशी उतरलो. डोक्याला टोपी, हातात छत्री (पुण्याच्या माणसाला ऊन आणि लोक या दोन्हींपासून संरक्षण लागतं), आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत विहीणबाईंची ओटी भरायला नारळ आणि हिरवा खण. नारळानं पोळ्या मोडतील म्हणून आमच्या हिनं तो माझ्याकडे दिला होता. डबा, पाणी आणि माझा फोन हिच्या पिशवीत. हे वाटप लक्षात ठेवा. मी अजून विसरलेलो नाही.

तात्या आले ते पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, गळ्यात सोन्याची साखळी. बूट इतके नवे की चढताना त्यांच्या तळव्यावरची चिठ्ठी मला मागून दिसत होती. फोन त्यांनी गाडीतच ठेवला. "आज तुमच्यापुढं फोन वाजला तर बरं दिसत न्हाई, सर," म्हणाले. मला हे आवडलं. मनात आलेलं पहिलं वाक्य मात्र टोमणा होतं, ते मी गिळलं. असली वाक्यं रिकाम्या पोटी गिळणं सोपं नसतं.

दुसऱ्या टेकडीवर झाड होतं. सावली होती. आमची ही आणि मंदाताई, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दोघी एकाच वेळी "आई गं" म्हणून बसल्या. त्यांना काही अडचण आली नाही.

"बसा सर," तात्या म्हणाले.

"छे, आधी आपण."

"न्हाई, न्हाई. तुमी बसल्याबिगर मी कसा बसंल?"

"मला उभं राहायची सवय आहे, तात्या. ग्रंथालयात दिवसदिवस उभा असायचो."

"मला बी. दुकानात बूड टेकायला मिळत न्हाई बघा."

(दोन्ही विधानं साफ खोटी होती. माझ्या खुर्चीला माझा आकार आला होता, आणि तात्यांना दुकानात उठवायला दोन माणसं लागतात असं सागर पुढे सांगणार होता.)

आमची ही म्हणाली, "अहो, बसा ना दोघं." तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तात्यांकडे. त्या झाडाखाली असे उभे राहिलो की एखाद्यानं येऊन तिकिटं मागितली असती. शेवटी काहीतरी करायचं म्हणून मी पुढच्या उताराकडे छत्री केली आणि म्हणालो, "तिकडे काय पिवळं दिसतंय, जरा बघून येऊ या का?"

तात्या म्हणाले, "चला की."

पिवळं होतं ते गणेराचं झाड. गणेर मला पुस्तकातून माहीत होता. पुस्तकात तो अर्ध्या पानावर मावला होता. इथे उतार वाळून तपकिरी पडलेला, गवत करकरीत, आणि त्यात एक वाकडंतिकडं, एकही पान नसलेलं झाड, प्रत्येक फांदीच्या टोकाला तळहाताएवढं सोनं घेऊन उभं. फूल नव्हे, दिवाच. आणि तो कुणासाठी लावला होता ते कळत नव्हतं, कारण आसपास कोणी नव्हतं. पलीकडे अजून एक. त्याच्या पलीकडे चार. आपल्याकडे एखादी गोष्ट फारच सुंदर असली तर तिला "बरी आहे" म्हणायची पद्धत आहे. मी तोंड उघडलं, पण तेवढंही निघेना.

"काय म्हणत्यात ह्याला?" तात्यांनी विचारलं.

"गणेर."

"आसंल," ते हळूच म्हणाले. मग बराच वेळ दोघेही नुसते बघत राहिलो. अर्थात उभ्यानं.

तिथून परत फिरायला हवं होतं. आमच्याही ते लक्षात येत होतं. पण माझा विचार असा झाला: आपण आलो लग्नाचं बोलायला. असलं बोलणं उभ्या उभ्या करत नाहीत; त्याला बैठक लागते. बसायचं तर आधी तात्यांनी बसायला हवं, आणि ते बसत नाहीत. न बोलता परत गेलो तर खाली मुलं आमच्या तोंडाकडे बघणार, आणि बोलणी करायला गेलेली माणसं न बोलता परत आली तर त्याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच होतो. तेव्हा तात्या दमून बसेपर्यंत चालत राहणं, हाच मुक्ताचं लग्न होण्याचा मार्ग. तात्यांच्या डोक्यातही नेमकं हेच चाललं होतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, माणूस रग्गड चालणारा आहे. त्यांना वाटलं, मास्तर काटक आहे.

आणि दोघेही निघालो.

तरुण मंडळी ही वाट रात्री चांदण्यात चालतात. का, ते मला तिसऱ्या टेकडीवर कळलं: पुढे काय काय चढायचं आहे ते रात्री दिसत नाही. आम्हाला सगळं दिसत होतं. टेकडी चढायची, माथ्यावर पोचायचं, तर पुढे तशीच दुसरी, आणि सगळ्यांच्या शेवटी, सुपारीएवढ्या टीव्हीच्या मनोऱ्याचा सिंहगड. जितकं चालावं तितका तो मागे सरकत होता. प्रत्येक माथ्यावर मी थांबून म्हणायचो, "वा, काय देखावा आहे!" आणि धापा टाकायचो. तात्या म्हणायचे, "लई भारी," आणि धापा टाकायचे. आधी हे नुसतं निमित्त होतं. पण पुढे पुढे मला शंका येऊ लागली की धाप चढाची आहे की देखाव्याची.

कारण एका बाजूला आमचं सगळं पुणं पडलं होतं. ज्या शहराबद्दल मी इतकी वर्षं इतक्या ठामपणे बोलत आलो, ते धुरकट उन्हात सांडलेल्या खडीसारखं दिसत होतं. त्यात नारायण पेठ मी पुष्कळ शोधली, सापडली नाही. तात्यांनी वारजं शोधलं. त्यांचे चार मजलेही सापडले नाहीत. दोघांनी ते मुकाट्यानं सोडून दिलं. दुसऱ्या बाजूला दऱ्या, आणि दऱ्यांपलीकडे राजगड आणि तोरणा, निळ्यावर निळं ठेवल्यासारखे. उतारावर पांगारे लालभडक फुललेले, त्यांवर मैनांची भांडणं. एका खिंडीत करवंदीच्या जाळ्या होत्या, आणि त्यांच्या पांढऱ्या, नखाएवढ्या फुलांचा वास असा आडवा आला की आम्ही दोघेही काही न ठरवता थांबलो. तात्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. (डोळे मिटून उभं राहिल्यावर गुडघे जास्त दुखतात, ही माहिती मी इथे नोंदवतो.)

पुढे समोरून पाठीवर पिशव्या लावलेली चार-पाच तरुण मुलं आली. सिंहगडाकडून कात्रजकडे चालली होती. "काका, ग्रेट! या वयात!" एकानं माझ्याबरोबर फोटो काढला. एका मुलीनं विचारलं, पाणी हवंय का? माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पण पाणी आधी तात्यांनी मागावं म्हणून मी म्हणालो, "मला नको." तात्या तत्काळ म्हणाले, "मला बी नको, हाय आमच्याकडं." मुलं गेली. त्यांच्या बाटल्यांतलं पाणी खळखळत लांब लांब गेलं. इतकं करुण संगीत मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्यानंतरच्या चढावर तात्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "सर, त्यात काय वाजतंय?"

"नारळ." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणालो, "ओटीचा आहे."

तात्यांनी नजर काढून घेतली. एक अख्खी टेकडी आम्ही दोघेही त्या नारळाचा विचार न करण्याचा प्रयत्न करत चढलो. माथ्यावर तात्या म्हणाले, "सर, ओटी भरायची कुणाची? मंदाची. मंदा कुणाची? माझी. मग आर्धा नारळ माझाच झाला की."

मी आयुष्यात पुष्कळ तर्कशास्त्र वाचलं आहे. इतकं निर्दोष कुठे वाचलं नाही. तात्यांनी नारळ दगडावर हाणला. तो फुटला नाही, चिरला. चिरेतून पाणी ठिबकायला लागलं. तात्यांनी तो तसाच दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या सर."

"आधी आपण, तात्या."

"आसं कसं? तुमचा नारळ."

"ओटी तुमची ना पण?"

"तुमी मुलीकडचे."

"म्हणूनच!"

हा संवाद चालला असताना नारळाचं पाणी धारेनं खाली मुंग्यांच्या वारुळावर चाललं होतं. ते संपत आल्यावर आमच्या लक्षात आलं. उरलेल्यात मी ओठ ओले केले, तात्यांनी जीभ. मुंग्या मात्र तृप्त झाल्या. त्यांच्यात आधी कोणी प्यायचं हा प्रश्न नसावा.

आणि मग तो उतार आला. वाळलेलं गवत घसरतं, हे मला वाचून माहीत होतं. गणेरही वाचूनच माहीत होता. पुस्तकातलं आणि डोंगरातलं यांत काय फरक असतो, ते सकाळी एकदा कळलंच होतं. आता दुसऱ्यांदा कळलं, आणि जरा खालच्या बाजूनं कळलं. छत्री एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि मी मधल्या मार्गानं, बसल्या बसल्या, बराच खाली जाऊन एका दगडावर थांबलो. विजार फाटल्याचा आवाज दरीतून परत आला.

वरून तात्यांचा हर्षभरित आवाज आला. "बसलात! सर, बसलात!"

आणि ते धपाधप खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. बसताना त्यांनी जो सुस्कारा सोडला तो कात्रजला ऐकू गेला असावा. त्या एका आवाजात मला सगळं समजलं.

"तात्या, तुम्हालाही कोणी सांगितलं होतं का?"

"सागऱ्यानं. म्हणला, पेठंतली माणसं हायत, शिकलेली. त्यांच्या आधी बसाल तर गावंढळ म्हणतील. लगीन मोडंल." त्यांनी एक बूट काढला आणि टाचेवरच्या फोडाकडे बघितलं. "दुसऱ्या टेकडीवरच बसावंसं वाटत होतं हो."

मला हसू आलं, पण हसलो तर मागून कळ येत होती.

आमच्यासमोर गणेरांचा अख्खा उतार होता. वाऱ्याबरोबर एखादं फूल सुटायचं, गोल फिरत खाली यायचं आणि वाळक्या गवतावर उताणं पडून राहायचं, अजून तेवढंच पिवळं. उन्हं कलत होती. तोरण्याचा निळा रंग गडद झाला होता. या सगळ्याला आम्ही असलो काय नि नसलो काय, सारखंच होतं. आणि वर्षानुवर्षं कशालाच न दबलेला मी, त्या उतारापुढे फाटक्या विजारीनं बसून अगदी गप्प झालो होतो.

मग तात्या म्हणाले, "एक इचारू का सर? आमच्या घरात समदं मोठ्यानं असतं. टीव्ही मोठ्यानं, माणसं मोठ्यानं. तुमची पोरगी हळू बोलती. दबून तर न्हाई जायची?"

महिनाभर मी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. हिला विचारला नव्हता, मुक्ताला विचारायची हिंमत नव्हती. आणि तो ज्या घराबद्दल होता त्या घराच्या मालकानंच तो मला विचारला होता.

"मुक्ता हळू बोलते," मी म्हणालो, "पण शेवटचं तीच बोलते."

तात्यांनी थोडा विचार केला. "मंजी आमच्या मंदासारखीच." आणि ते पोटभर हसले. "मग ठरलं म्हणा."

"आधी आपण म्हणा."

"आता पुरं की, सर!"

अशी ती बैठक झाली. उठताना मात्र माझ्या माकडहाडानं आपलं मत नोंदवलं. विजारीचा प्रश्नही होताच. तात्यांनी आपल्या शर्टाचं एक टोक देऊ केलं. ते मी नाकारलं. पिशवीत खण होता. तो तात्यांनी छत्रीच्या बंदानं आणि आपल्या हुशारीनं माझ्या मागच्या बाजूला बसवला. अशा थाटात, एक लंगडत आणि एक फाकत, आम्ही सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरलो.

तिथे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. त्या पाणीवाल्या मुलांनी झाडाखाली बसलेल्या आमच्या बायकांना सांगितलं होतं की दोन काका भेटले, एकाकडे छत्री आहे, सिंहगडाकडे चाललेत, आणि पाणी आहे म्हणाले. पाण्याच्या सगळ्या बाटल्या हिच्या मांडीशी होत्या. ही म्हणे शांतपणे म्हणाली, "मग आता सिंहगडाशिवाय थांबत नाहीत." दोघींनी पोळ्या खाल्ल्या, तिथेच साखरपुड्याची तारीख धरली, हॉल ठरवला, जेवणात मठ्ठा की ताक यावर एकमत केलं, आणि मुलांबरोबर गाडीनं इथे येऊन आमची वाट बघत बसल्या. बसून!

मुक्ता पुढे धावत आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, "ठरलं." तिनं डोळे पुसले, आणि मीही छत्री उघडून ऊन नसताना डोक्यावर घेतली.

मागून ही म्हणाली, "नारळ कुठाय?"

"संपला."

"आणि खण?"

मी पाठमोरा झालो. मंदाताई रस्त्याकडेच्या दगडावर बसून इतक्या हसल्या की त्यांना आमच्याकडचं पाणी द्यावं लागलं. हिनं पहिल्या भेटीची ओटी शेवटी एका मोठ्या फुलानं भरली. ते गणेराचं होतं, तात्यांनी खिशात आणलेलं. कोमेजलं होतं, तरी पिवळं होतं. तिथल्या टपरीवाल्यानं पिठलं-भाकरी आणि खुर्च्या मांडल्या. सगळे म्हणाले, बसा. मला खरोखरच बसता येत नव्हतं. मी उभा राहिलो, म्हणून तात्याही भाकरी हातावर घेऊन उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, माकडहाडाला मार आहे, महिनाभर बसणं टाळा. साखरपुडा त्या महिन्यातच होता. हॉलवाल्यानं दोन्ही व्याह्यांसाठी लाल मखमलीच्या, सोनेरी हातांच्या, सिंहासनासारख्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. अशा खुर्च्यांबद्दल बोलायला माझ्याकडे जन्मभराचं साहित्य जमलेलं आहे. पण मी बसू शकत नव्हतो, आणि मी उभा असताना तात्या बसायला तयार नव्हते. आम्ही दोघेही पूर्ण समारंभभर मागे भिंतीला टेकून उभे होतो. सगळ्या फोटोंत त्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.

पंगतीच्या वेळी एका बाईंनी माझ्याकडे हात करून मठ्ठा मागितला. मी आणून दिला. तात्यांनी जिलबी वाढली. नाहीतरी उभेच होतो.